खेळमावशीची दोन कप्प्यांची चंची

फार पूर्वी एक बाई होती. तिचं स्वतःचं असं गाव नव्हतं, पण बऱ्याच गावांना ती आपली वाटायची. एका छोट्या बैलगाडीतून ती फिरायची आणि जिथं जाईल तिथं खेळ मांडायची. लहानथोर सगळे तिला खेळमावशी म्हणत.

तिचा खेळ असा असायचा. दोन तट समोरासमोर बसायचे. प्रत्येक तटापुढे एक पितळी थाळी आणि एक काठी ठेवलेली असायची. मावशी आधी एका तटाला कोडं घालायची, मग दुसऱ्याला. कोडं घातलं की भोक पाडलेल्या करवंटीतून वाळू खाली पडू लागायची. वाळू संपायच्या आत तटातल्या सगळ्यांनी डोक्याला डोकं लावून कुजबुजायचं आणि उत्तर तयार झालं की थाळी वाजवायची. उत्तर बरोबर आलं की त्या तटाच्या दोऱ्यात झेंडूचं एक फूल ओवलं जायचं. शेवटी ज्याची माळ लांब, तो तट जिंकला.

मावशीचा एक नियम मात्र पक्का होता. कुजबुज कुणीही करावी, पण उत्तर तटातल्या सगळ्यात लहान माणसानं सांगायचं. तो जे सांगेल तेच धरलं जाईल.

कुणी विचारलं, "असं का हो मावशी?" तर ती हसून म्हणायची, "मोठ्यांना बोलायला रोजच मिळतं की!"

सकाळी शाळेच्या मेळाव्यात मुलांचा खेळ व्हायचा आणि दिवेलागणीला घरच्या माणसांचा. संध्याकाळच्या खेळात एकेका घरातले आजीआजोबा, आईबाप, नातवंडं मिळून एक तट करायचे. एरवी ज्या घरात सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नव्हती, त्या घरातली सून त्या संध्याकाळी सासऱ्याच्या कानात सांगायची, "नाही हो मामंजी, ते उत्तर चुकीचं आहे." आणि सासरे चक्क ऐकायचे. म्हणून बायकांना खेळमावशी फार आवडायची.

आणखी एका गोष्टीसाठी तिचं नाव झालं होतं. तिच्या खेळात शेवटचं फूल ओवलं जाईपर्यंत कोण जिंकणार ते कळत नसे. दोन्ही माळा अगदी बरोबरीनं वाढत. लोक श्वास रोखून बसत. हरणाराही एखाद्याच फुलानं हरे आणि "थोडक्यात गेलं!" म्हणत हसत घरी जाई.

हे कसं होत होतं, ते फक्त मावशीला माहीत होतं.

तिच्या कमरेला एक मोठी चंची असायची. चंचीला दोन कप्पे. कप्प्यांत लाकडाच्या रंगवलेल्या चकत्या. कुठल्या चकतीवर पणतीचं चित्र, कुठल्या चकतीवर कासवाचं, कुठल्या चकतीवर खांबाचं. चित्र पाहिलं की तिला त्याचं कोडं आठवायचं. उजव्या कप्प्यात अवघड कोडी होती आणि डाव्या कप्प्यात सोपी. एखादा तट मागं पडायला लागला की मावशीचा हात त्याच्यासाठी हळूच डाव्या कप्प्यात जायचा. पुढं गेलेल्या तटासाठी उजव्या कप्प्यात.

यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. खूप वर्षांपूर्वी एका गावात एक तट फार वाईट हरला होता आणि त्यातली मुलं रडत, मान खाली घालून गेली होती. तेव्हापासून मावशीनं ठरवलं होतं, आपल्या खेळातून कुणी रडत जायचं नाही.

एकदा चैत्र महिन्यात मावशीची गाडी एका नदीकाठच्या गावी आली. गाव नदीच्या पूर्वेच्या काठावर होतं. देऊळ, बाजार, शाळा, सगळं तिथंच. पश्चिमेच्या काठावर होडीवाल्यांची लहानशी वाडी होती. गावातले लोक तिला पल्याडची वाडी म्हणत. वाडीतली मुलं रोज सकाळी होडीतून शाळेत यायची.

मावशी गाडी सोडून बैलांना पाणी दाखवत होती, तेवढ्यात शाळेतले गुरुजी लगबगीनं आले. चांगले माणूस होते, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता.

"मावशी, एक विनंती होती."

"बोला ना गुरुजी."

"पल्याडच्या वाडीचे म्हातारे आबा आहेत, होडीचे मालक. ते म्हणतात, आमची पोरं शाळेत मागंच राहतात. सगळे हसतात त्यांना. मग शाळा कशाला? वल्हं मारायला पाटी लागत नाही. आजचा खेळ झाला की ते ठरवणार आहेत."

"काय ठरवणार?"

"उद्यापासून मुलांसाठी होडी सोडायची की नाही. होडी बंद झाली तर शाळेची अर्धी बाकं... आता काय सांगू तुम्हाला. ती मुलं हुशार आहेत हो. फक्त बुजतात. तुम्ही काही करू शकाल का?"

मावशीनं चंचीवर हात ठेवला. "काळजी करू नका," ती म्हणाली.

शाळेच्या अंगणात वडाखाली खेळ मांडला गेला. एका बाजूला अल्याडची मुलं बसली. त्यात पाटलांचा मुलगा होता, चुणचुणीत, कोडं पुरं व्हायच्या आत काठीला हात घालणारा. दुसऱ्या बाजूला पल्याडची मुलं होती. त्यांच्यात सगळ्यात लहान होती होडीवाल्या आबांची नात, सगुणा. उत्तर सांगायचं काम तिच्यावर आलं होतं, म्हणून ती दोन्ही हातांनी परकराचा काठ चुरगाळत बसली होती.

खेळ सुरू झाला. अल्याडची माळ भराभर वाढू लागली. मावशीनं पाहिलं आणि तिचा हात डाव्या कप्प्यात गेला.

"दिवसा कोपऱ्यात निजते, संध्याकाळी जागी होते, तेल पिते, उजेड देते. सांगा कोण?"

"पणती," सगुणा म्हणाली. टाळ्या झाल्या. फूल ओवलं.

अल्याडच्या मुलांना मावशीनं उजव्या कप्प्यातलं असं काही कोडं घातलं की वाळू संपली तरी थाळी वाजली नाही. पुन्हा डावा कप्पा. पुन्हा फूल. हळूहळू पल्याडची मुलं सावरून बसली. त्यांच्यातला एक मुलगा तर उड्या मारायला लागला.

माळा अगदी सारख्या झाल्या. शेवटचं कोडं पल्याडचं होतं. मावशीनं डाव्या कप्प्यातली चकती काढली. तिच्यावर होडीचं चित्र होतं.

"पाय नाहीत, तरी पाण्यावरून चालते. पोटात माणसं घेते, पण खात नाही."

मग पाटलांचा मुलगा खो खो हसत सुटला. "होडीवाल्यांना होडीच विचारली! आता आम्हाला विचारा, तुमच्या गाडीला बैल किती?"

सगुणानं हळूच काठी उचलली, थाळीवर मारली आणि म्हणाली, "होडी."

पल्याडची मुलं जिंकली. त्यांनी सगुणाला खांद्यावर घेतलं, माळ तिच्या गळ्यात घातली, अंगणभर नाचली. गुरुजींनी डोळे पुसले. मावशीला समाधान वाटलं. चला, होडी वाचली.

दुपारी मावशी वडाजवळ गाडीच्या सावलीत भाकरी खात बसली होती. समोर सगुणा येऊन उभी राहिली. गळ्यात माळ तशीच होती.

"ये गं. भाकरी खातेस?"

सगुणानं नको म्हणून मान हलवली. थोडा वेळ ती बैलांकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या चंचीला दोन कप्पे आहेत ना?"

मावशीचा घास हातातच राहिला.

"आम्हाला विचारताना तुमचा हात त्या बाजूला जात होता. त्यांना विचारताना ह्या बाजूला. मी बघत होते." सगुणाच्या बोलण्यात राग नव्हता. "ह्या बाजूचं एक मला विचाराल?"

मावशीनं उजव्या कप्प्यातली एक चकती काढली. "सात जण उत्तरेला बाज घेऊन रात्रभर फिरतात, पण झोपत कुणीच नाही. कोण ते?"

सगुणानं खूप विचार केला. वडाची दोन पानं तिच्यापुढं गळून पडली, तरी तिचं लक्ष नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "नाही येत. काय आहे उत्तर?"

"सप्तर्षी. आभाळात उत्तरेला दिसतात बघ. चार चांदण्यांची बाज आणि पुढं तिघं जण."

"अस्सं!" क्षणभर तिचे डोळे चमकले. मग तिनं मान खाली घातली.

"सगुणा," मावशी मऊ आवाजात म्हणाली, "मी तुमच्या भल्यासाठीच केलं गं. तुम्ही हरला असता तर उद्यापासून होडी बंद झाली असती."

सगुणानं गळ्यातली माळ काढली. "मग होडी बंद झाली तर बरोबरच आहे," ती म्हणाली. "आबांना वाटतं आम्हाला येत नाही. त्या पोरांना वाटतं आम्हाला येत नाही. आणि तुम्हालाही तसंच वाटतं."

तिनं माळ मावशीच्या मांडीवर ठेवली. "ही तुमची आहे. कोडी तुम्हीच सोडवलीत."

आणि ती घाटाकडं निघून गेली.

मावशीनं भाकरी बाजूला ठेवली. इतकी वर्षं गावोगावी तिनं माळा ओवल्या होत्या. किती मुलं तिच्या खेळातून हसत घरी गेली असतील! पण त्यातली किती फुलं त्या मुलांची होती आणि किती तिची, हे आता तिचं तिलाच सांगता येईना.

ऊन कलल्यावर गुरुजी आले. सकाळच्या आनंदानं अजून फुललेले होते.

"मावशी, आबा स्वतः येताहेत खेळायला! सून आणि नात घेऊन. समोर पाटलांचं घर. आता फक्त सकाळसारखंच होऊ द्या. सांभाळून घ्या एवढं."

"आणि सांभाळून नाही घेतलं तर?"

गुरुजी चपापले. "असं काय म्हणता? आज ते हरले तर सगळं पाण्यात जाईल. सकाळचं जिंकणंही."

तेवढ्यात पाटीलही डोकावून गेले. "मावशी, खेळ रंगला पाहिजे बरं का! शेवटच्या फुलापर्यंत! शेजारच्या गावचे पाहुणे बोलावलेत मी."

मावशी त्यांना नमस्कार करून गाडीत जाऊन बसली. तिनं चंची मांडीवर घेतली. एका कप्प्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. मग तिनं सुईच्या टोकानं मधल्या शिवणीचा एक टाका उचकटला. त्याच्या पुढचा. त्याच्या पुढचा. टाके तिनंच घातलेले होते, म्हणून फार घट्ट होते.

दिवेलागणीला देवळापुढच्या पटांगणात माणसांची दाटी झाली. दीपमाळेवर दिवे लागले. एका बाजूला पाटील, पाटलीणबाई आणि त्यांचा मुलगा बसले. दुसऱ्या बाजूला धुवट फेटा बांधून आबा बसले, शेजारी पदर सावरत त्यांची सून आणि दोघांच्या मधे सगुणा.

आबा खुशीत होते. "काय पाटील, सकाळी आमच्या पोरांनी तुमच्यांना चारी मुंड्या चीत केलं म्हणे!"

"आता बघू की आबा," पाटील मिशीत हसले. "सकाळी पोरं होती, आता बाप बसलाय."

"अगं, पण माळ कुठाय तुझी?" आबांनी नातीला विचारलं.

"मावशींकडं," सगुणा म्हणाली आणि खाली पाहू लागली.

मावशी मधे येऊन उभी राहिली. तिनं सगळ्यांसमोर चंची उघडली आणि एका मोठ्या परातीत उपडी केली. सगळ्या चकत्या खणखण वाजत एकत्र पडल्या. तिनं हातानं त्या कालवल्या, वरून एक कापड टाकलं आणि म्हणाली, "आजपासून चकती मी काढणार नाही. प्रत्येक तटातल्या सगळ्यात लहानानं कापडाखाली हात घालून काढायची. जे हाताला येईल ते येईल."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. सगुणानं मात्र मान वर केली. त्या दुपारनंतर पहिल्यांदा तिनं मावशीकडं पाहिलं.

खेळ सुरू झाला आणि गुरुजींना वाटत होतं तसंच झालं. पाटलांच्या मुलाच्या हाताला कधी सोपं आलं, कधी अवघड आलं, पण त्या घराला बरंच काही येत होतं. पाटलीणबाई कानात सांगायच्या, मुलगा थाळी वाजवायचा. त्यांची माळ लांबत गेली. सगुणाच्या हाताला पहिलं आलं ते सुताराच्या हत्यारांचं कोडं. तिघांपैकी कुणालाच आलं नाही. दुसरं आलं ते मधमाशीचं. त्याचं उत्तर जवळपास जमलं होतं, पण वाळू संपली. त्यानंतरचं चुकलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, होडीचं विचारा त्यांना!" हशा पिकला.

आबांची मान ताठ झाली. त्यांनी फेट्याचा शेव झटकला. "पोरी, उठायचं का?" ते हळूच म्हणाले.

"नाही आबा."

"काय मिळायचंय इथं बसून?"

"अजून चकत्या आहेत ना," सगुणा म्हणाली.

खेळ संपत आला. पाटलांची माळ जमिनीला टेकली होती. पल्याडच्या दोऱ्यात एकही फूल नव्हतं. सगुणानं शेवटची चकती काढली आणि मावशीच्या हातात दिली.

चकतीवर खांबाचं चित्र होतं.

मावशीनं ते पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. खांबाचं कोडं अवघड होतं. आणि चित्राचं कोडं काय, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. याच चित्रावरून तिला एखादं सोपं कोडं तिथल्या तिथं रचता आलं असतं. एक पाय, अंगभर दिवे, सांगा काय? समोर दीपमाळ तर उभीच होती. कुणाला कळलंही नसतं. एक फूल मिळालं असतं. आबांचा राग थोडा निवला असता. कदाचित होडीही चालू राहिली असती.

तिनं मान वर केली. सगुणा तिच्याकडंच पाहत होती. ती काही मागत नव्हती. नुसती वाट पाहत होती.

मावशीनं खरं कोडं घातलं. "एका माळावर एक खांब आहे. त्याच्याजवळून नदी वाहते. सूर्य उगवला की त्या खांबाची सावली नदीकडं पडते. तर नदी खांबाच्या कोणत्या दिशेला?"

"अरेरे!" पाटलांचा मुलगा कळवळून म्हणाला आणि त्यानं स्वतःच तोंडावर हात दाबला. तो रोज सकाळी दीपमाळेची लांब सावली नदीच्या बाजूला पडलेली पाहायचा. हे कोडं त्याच्यासाठी पाणी पिण्याइतकं सोपं होतं. पण चकती त्याच्या हाताला आली नव्हती.

करवंटीतून वाळू पडू लागली.

"पूर्व!" आबा लगेच कुजबुजले. "सोपं आहे. आपल्या दारात उभं राहा, नदी पूर्वेलाच की! जन्म गेला माझा त्या नदीवर. सांग, पूर्व."

"आबा, थांबा जरा."

"थांबायचं काय त्यात? सूर्यही तिकडंच, नदीही तिकडंच."

"सगुणा, आबा म्हणतात तेच सांग," आई घाईनं म्हणाली. "वाळू संपत आली बघ."

सगुणानं डोळे मिटले. तिला रोजची सकाळ आठवली. शाळेच्या होडीची वाट पाहत ती पल्याडच्या घाटावर उभी असायची. समोर नदीवर सूर्य यायचा, डोळे दिपायचे. आणि तिची सावली? सावली कधी पाण्यात नसायची. ती मागं पडायची, घराकडं. ती गंमत म्हणून मागं वळून सावलीवर उडी मारायची. म्हणजे सूर्य एकीकडं आणि सावली दुसरीकडं. सावली नदीकडं पडायला हवी असेल तर...

"अगं सांग ना, पूर्व!" आबांनी तिच्या दंडाला हात लावला.

आयुष्यात ती कधी आबांच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. तिनं काठी उचलली. थाळी वाजली.

"पश्चिम," सगुणा म्हणाली.

आबांनी डोकं धरलं. "गेलं!"

मावशीनं टोपलीतलं सगळ्यात टपोरं झेंडूचं फूल निवडलं, चालत आली आणि पल्याडच्या रिकाम्या दोऱ्यात ओवलं.

पटांगणात अशा टाळ्या झाल्या, की देवळावरची कबुतरं उडाली. सगळ्यात मोठ्यानं टाळ्या पाटलांचा मुलगा वाजवत होता. आबा कधी फुलाकडं, कधी नातीकडं पाहत होते.

"पश्चिम कशी काय?" त्यांनी विचारलं.

"घरी जाताना सांगते, आबा."

खेळ पाटलांनी जिंकला. एवढ्या फरकानं आजवर मावशीच्या खेळात कुणी जिंकलं नव्हतं. माळ गळ्यात घालताना पाटील जरा नाराजीनं म्हणाले, "मावशी, आज शेवटाला काही गंमत राहिली नाही हो. निकाल केव्हाच लागला होता."

शेजारी बसलेल्या पाटलीणबाई म्हणाल्या, "तुमचा लागला असेल. मी तर त्या पोरीच्या एका फुलासाठी पदर दातात धरून बसले होते."

पाटलांचा मुलगा धावत सगुणाकडं गेला. सकाळी हसणारा तोच हा मुलगा. "आमच्याकडं दीपमाळ आहे, म्हणून मला आलं असतं. तुमच्याकडं तर नाही. तू कसं ओळखलंस?"

"मी आहे ना," सगुणा म्हणाली. "मीच खांब."

त्याला काही कळलं नाही, पण तो हसला. ती पण हसली.

गुरुजी मात्र घाटापर्यंत आबांच्या मागोमाग गेले. होडीचं काय, हे विचारायला त्यांची जीभ रेटेना. आबांनी दोर सोडला, सुनेला आणि नातीला आत घेतलं आणि होडी लोटली.

पाण्यावर चांदण्यांचा अंधुक उजेड होता. थोडं अंतर गेल्यावर सगुणा म्हणाली, "आबा, सकाळी आम्ही जिंकलो ते खरं नव्हतं. आम्हाला सोपी कोडी घातली होती."

आबांचं वल्हं थांबलं. "आणि आताचं फूल?"

"ते खरं आहे." आणि मग तिनं घाट, सूर्य आणि सावली, सगळं सांगितलं. सांगताना ती होडीत उभी राहिली, एक हात सूर्य आणि दुसरा हात सावली करून दाखवू लागली. आईनं तिला धरून खाली बसवलं.

आबा विचारात पडले. "साठ पावसाळे त्या घाटावर काढले मी," ते म्हणाले, "आणि सावलीकडं कधी पाहिलंच नाही."

तेवढ्यात सगुणानं उत्तरेकडं बोट केलं. आभाळात चांदण्या लखलखत होत्या. "आबा, ते बघा! सात जण बाज घेऊन फिरतात, पण झोपत कुणीच नाही. दुपारी मावशींनी मला हे विचारलं होतं, मला नाही आलं."

"ते नाही आलं?" आबा एकदम हसले. "अगं, ती बाज बघून तर मी अंधारात होडी हाकतो! ती कोणत्या अंगाला आहे ते पाहायचं आणि वल्हं मारायचं. मला विचारलं असतं तर लगेच सांगितलं असतं."

"मग मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"तू कधी विचारलं नाहीस."

"तुम्हीही सावलीचं विचारलं नव्हतं."

आई पदराआड हसली. आबांनी पुन्हा वल्हं पाण्यात घातलं.

थोड्या वेळानं सगुणानं अगदी बारीक आवाजात विचारलं, "आबा, उद्या होडी सुटणार का?"

आबा वल्हं मारत राहिले. पलीकडचा काठ जवळ आला तेव्हा ते म्हणाले, "आज एवढी माणसं हसली. मी उठायला निघालो होतो. आणि तू म्हणालीस, अजून चकत्या आहेत. असं म्हणणाऱ्या पोरीची होडी मी कशी बंद करू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी घाटावर उभे होते. शेजारी मावशी होती. तिची गाडी जुंपलेली होती, पण पाय निघत नव्हता. सूर्य दोघांच्या पाठीमागून वर आला. नदीवर धुकं होतं. पलीकडचं काही दिसत नव्हतं.

आधी वल्ह्याचा आवाज आला. मग मुलांचा कलकलाट. मग धुक्यातून होडीचं नाक बाहेर आलं. होडी इतकी भरली होती की आबा ओरडत होते, "अरे, हलू नका रे, बुडवाल मला!" आजवर कधी शाळेत न आलेली दोन धाकटी पोरंसुद्धा आईच्या हातून सुटून होडीत येऊन बसली होती.

सगळ्यात पुढं सगुणा होती. तिच्या वेणीत झेंडूचं एक फूल होतं. रात्रीतून जरा सुकलेलं, पण तिनं ते मिरवत आणलं होतं.

ती उतरली आणि थेट मावशीकडं आली. "मावशी, ते सुताराचं उत्तर काय होतं? आणि मधमाशीचं?"

मावशीनं तिला जवळ घेतलं आणि दोन्ही सांगितली. मग कमरेची चंची उघडून दाखवली. मधली शिवण नव्हती. एकच मोठा कप्पा होता.

त्यानंतर मावशीच्या खेळात कधी माळा बरोबरीनं वाढल्या, कधी एक लांब झाली आणि एक आखूड राहिली. कधीकधी एखादं मूल रडलंही. तेव्हा मावशी खेळ झाल्यावर त्याच्याजवळ जाऊन बसायची, चुकलेलं कोडं त्याच्यासोबत पुन्हा सोडवायची आणि म्हणायची, "पुढच्या वर्षी हेच हाताला येईल कदाचित, लक्षात ठेव हं." लोकांनी तिला बोलावणं सोडलं नाही. उलट तिचा खेळ येणार म्हटलं की महिनाभर आधीपासून घराघरात कोडी सुटू लागायची.

आणि पुढच्या चैत्रात पल्याडच्या दोऱ्यात किती फुलं होती, असं कुणी विचारलं, तर आबा सांगत, "मोजली नाहीत. पण सगळी आमची होती."

तात्पर्य एवढंच: मुलाला फुकटचं जिंकवून देणं ही माया खरी, पण त्यात आपला त्याच्यावर विश्वास नसतो. त्याला खरा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. त्यानं स्वतः मिळवलेलं एक फूल आपण ओवलेल्या सगळ्या माळेपेक्षा जास्त दिवस टिकतं.